उंदरांचे डोळे

आषाढ लागला की आमच्याकडे पाट यायला लागायचे. ज्याच्या घरी गणपती बसायचा त्याने आपला पाट आणून द्यायचा, त्याच पाटावर बाबा त्याची मूर्ती करायचे आणि चतुर्थीला तो मूर्तीसकट घरी जायचा, अशी आमच्या कारखान्याची रीत. कुणाचा फणसाचा, कुणाचा सागाचा, कुणाचा एक पाय मोडलेला, कुणाच्या कडेला गेल्या वर्षीचं कुंकू अजून चिकटलेलं. पडवीत ते पाठ बाहेर करून ओळीने उभे ठेवायचे, कारण पाठीवर घरमालकाचं नाव असायचं. मी बालवाडीत जायच्या आधी अक्षरं शिकले ती ह्या पाटांवर. सगळी नावं पुरुषांची. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. सातबारा जसा पुरुषाच्या नावाने तसाच पाट.

हे प्रकरण लिहायचं मी टाळत आले. आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट एका ठरावीक पद्धतीने सांगितली जाते आणि सांगून झाली की माझ्या पाठीवर एक थाप पडते. गोष्ट तशी घडली नाही. थापा घेत मी तीस वर्षं गप्प राहिले, ते आता पुरे झालं.

आमचं घर शहराच्या टोकाला, वस्ती संपून कातळ सुरू होतो तिथे. घराच्या एका अंगाला लांब पडवी, माडाच्या विणलेल्या झापांनी बंद केलेली, तोच कारखाना. पावसाळ्यात सकाळी जाग यायची ती माती मळण्याच्या आवाजाने. ओली शाडू फळीवर आपटली की दगडावर धुणं आपटल्यासारखा आवाज होतो, पण जरा पोटातून आलेला. मग बाबांचा रेडिओ, मग आईची विळी. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे रीतसर स्वयंपाक असा व्हायचाच नाही. पेज, भाजलेला पापड, लोणच्याची फोड. आईला फारच दया आली तर घावणे आणि नारळाचं दूध. खायला बसण्याआधी आई माझे हात हुंगून बघायची, वार्निशचा वास आला की परत न्हाणीत पाठवायची. मी आठ वर्षांची असल्यापासून मूर्तींना पांढऱ्याचा पहिला हात मीच द्यायचे. मग शेला, मग सोंडेवरची नक्षी, मग मुकुटाचं सोनेरी काम, असं करत करत दहावीपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जायला लागलं होतं. डोळे सोडून.

डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी, चतुर्थीच्या आधीचे पाच दिवस. बाबा पहाटे विहिरीवर आंघोळ करून, उपाशीपोटी, सोवळं नेसून पडवीत जायचे आणि दार आतून लावून घ्यायचे. दुपारपर्यंत कुणी हाक मारायची नाही. डोळे काढेपर्यंत ती माती, तिला ओली करा, मोडा, पुन्हा थापा. पण एकदा का डोळे झाले की ती वस्तू घरात कुणी मोडायची नाही, काही झालं तरी पाण्यातच सोडायची. हा नियम बाबा इतका पाळायचे की मी लहानपणी मातीच्या भावलीला कोळशाने डोळे काढले, तर तिचा हात तुटल्यावर तीही त्यांनी ओढ्यात नेऊन सोडली होती.

आणि बाबांच्या डोळ्यांची ख्याती होती. त्यांचं बुबुळ किंचित खाली असायचं, केसभर, त्यामुळे गणपती समोर जमिनीवर बसून पूजा करणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. लोक म्हणायचे, दत्तारामाचा गणपती आपल्याशी बोलतो. दापोलीहून एसटीत मांडीवर पाट घेऊन माणसं यायची ती ह्यासाठी.

मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात बाबांचा हात कापायला लागला. आधी बशीत कळलं. चहा बशीत ओतून ते तोंडाशी न्यायचे तेव्हा चहावर गोल गोल वलयं उठायची. आई त्यांना अर्धाच कप भरून द्यायला लागली. माती थापायला तो हात चालत होता, मोठा ब्रश चालत होता, पण आखणीचा खारीच्या केसांचा ब्रश हातात घेतला की टोक विंचवाच्या नांगीसारखं हलायचं. त्या भाद्रपदात पहिल्या दिवशी बाबा दार लावून आत गेले आणि तासाभराने बाहेर येऊन पायरीवर बसले. आईने माझ्याकडे पाहिलं. मला विहिरीवर नेऊन तिने स्वतः माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, आपलं धुतलेलं पातळ नेसायला दिलं आणि म्हणाली, हे ह्या उंबऱ्याबाहेर गेलं तर पुढच्या वर्षी एक पाट यायचा नाही. मग आम्ही दोघं आत गेलो, बाबा आणि मी, आणि दार लागलं. बाहेरच्यांसाठी आत दत्ताराम होता. तो होताच. माझ्या मागे बसून रंगाची वाटी धरून होता, तीही दोन्ही हातांनी.

मी त्यांच्यासारखेच डोळे काढायचे असं ठरवून बसले होते, आणि काढलेही तसेच, असं मला वाटलं. पण मी गणपती पाहिला होता तो कायम पूजेला बसलेल्यांच्या मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पळी नाहीतर मोदकांचं ताट घेऊन उभी राहून. माझं बुबुळ केसभर वर गेलं. त्यामुळे त्या वर्षी आमच्या कारखान्यातले सगळे गणपती समोर बसलेल्याच्या डोक्यावरून मागे बघत होते. बाबांना ते तेव्हाच दिसलं असणार. त्यांनी रंगाची वाटी पुढे केली.

आता एक गोष्ट, जी आईलासुद्धा कधी कळली नाही. दुसऱ्या वर्षी आखणीच्या तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. चाळीसेक मूर्ती राहिल्या होत्या. सांगितलं असतं तर मला चार दिवस मागच्या खोलीत बसावं लागलं असतं आणि चतुर्थीला चाळीस घरांत आंधळी माती गेली असती. मी सांगितलं नाही. आंघोळ केली, आत गेले आणि चाळीसच्या चाळीस मूर्तींचे डोळे उघडले. त्या वर्षी कुणाचे मोदक फुटले नाहीत आणि कुणाचं काही वाईट झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. ह्या गोष्टीची मला टोचणी आहे का, तर नाही. माझी टोचणी दुसरीच आहे.

त्या दिवाळीनंतर शहरातल्या एका वाचनालयाने मुलांसाठी स्पर्धा काढली. दोन फूट बाय दोन फुटांत मावेल असा देखावा, विषय ‘कल्पनेतलं जग’, आणि ठळक अक्षरांत अट, की सगळं काम स्पर्धकाच्या स्वतःच्या हातचं हवं. पहिला येईल त्याचा देखावा नावाच्या कार्डासह महिनाभर वाचनालयात राहणार होता. मला ते कार्ड हवं होतं. दोन वर्षं माझे डोळे घरोघरी पुजले जात होते, त्यांच्यापुढे लोक डोकं टेकत होते आणि त्यांतल्या एकाही डोळ्याला माझं नाव नव्हतं. पुढे कार्डांवरच काय, पाट्यांवरही मी स्वतःचं नाव पाहिलं. पण सतराव्या वर्षी जी भूक लागली तशी पुन्हा लागली नाही.

एक पाट दोन वर्षं न्यायला कोणी आलंच नव्हतं, ते घर कायमचं मुंबईला गेलेलं. तो मी घेतला. आईने कपाळावर हात मारला. देवाच्या पाटावर हे काय मांडतेस म्हणाली. मी म्हटलं, देवाचंच आहे. खोटं नव्हतं ते. मी समुद्राच्या तळाचं गाव केलं. विसर्जनानंतर गणपती कैलासाला जातात हे सगळेच सांगतात, पण त्यांच्या पायाशी बसलेल्या उंदरांचं काय होतं हे कुणी सांगत नाही. माझे उंदीर, आमच्याकडे विसर्जन होतं त्या मांडवीच्या समुद्राखाली राहत होते, भाद्रपदापर्यंत सुट्टीवर. विरघळून उरलेल्या मुकुटांची त्यांनी घरं केली होती. एकाने सिंहासनाच्या तुकड्यावर चहाची टपरी टाकली होती, एक उंदरीण मोदक तळत होती, एक म्हातारा उंदीर लाडवाला उशी करून झोपला होता. मधोमध कासवाची एसटी उभी होती, तिच्या कपाळावर पाटी ‘जलद – भाद्रपद’, आणि दारात खेकडा कंडक्टर, नांगीत तिकिटं टोचायचा चिमटा. खाली मांडवीची काळी वाळू खरीखुरी. मागच्या पुठ्ठ्यावर कपड्यांच्या निळीचे सात हात दिले, खालून गडद, वर फिका, की वरून उजेड झिरपतोय असं वाटावं. काथ्या हिरव्या रंगात बुडवून शेवाळ केलं. उंदीर एकतीस, एकेक लिंबाएवढा.

बाबा रोज जाता-येता बघायचे. कासवाच्या पाठीवरची खवलं त्यांना आवडली, मान हलवून गेले. एक दिवस मात्र थांबले.

“डोळे साधे काढ, बाय. उंदीर तो. काळा ठिपका दे नि सोड.”

मला कळलं ते का सांगताहेत. माझा हात त्या शहरात घरोघरी बसलेला होता, फक्त त्यांच्या नावाने. मी “होय” म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून एकेका उंदराला पुरते डोळे काढले, देवाला काढते तसे, पापणीची रेघ, कोपऱ्यात हिंगुळाचा लाल कण, बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. मूठभर मातीचा उंदीर असला तरी त्याला बघता आलं पाहिजे. हे मी जाणूनबुजून केलं. चुकून झालं असं इतकी वर्षं मी भासवत आले, ते खोटं.

तीस झाले आणि एक उरला, तेव्हा दुपारी जेवणानंतर बाबा पडवीत आले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मला वाटलं, रागावतील. ते खाली बसले, ब्रश घेतला आणि तो शेवटचा उंदीर डाव्या तळव्यावर धरला. रेघ डोळ्यातून निघाली ती थेट कानात गेली. त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकली. परत काढली, परत पुसली. मग उंदीर हळूच खाली ठेवून म्हणाले, “हा राहू दे असाच.” मी त्याला एसटीच्या रांगेत सगळ्यात शेवटी, बघणाऱ्याकडे पाठ करून उभा केला.

निकालाच्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहात पन्नासेक माणसं होती. परीक्षक खानविलकर सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, सचोटीचा माणूस. त्यांचाही गणपती आमच्याकडचाच. बाबा आले होते. मी बोलावलं नव्हतं. शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभे होते, उजवा हात खिशात. सर माझ्या देखाव्यापाशी आले, कंडक्टर बघून हसले, मग चष्मा काढून अगदी जवळून बघायला लागले आणि त्यांचं हसू गेलं.

“बाकी काम मुलीचं आहे, त्यात शंका नाही,” ते म्हणाले. “पण हे डोळे मी ओळखतो. माझ्या देवघरात असतात. हे दत्तारामचे डोळे आहेत.” आणि माझ्या नावाचं कार्ड त्यांनी पालथं घातलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. पण माझ्या आधी बाबा बोलले. भिंतीपासून सुटे होत म्हणाले, “होय सर. डोळे मी काढले. पोरीचा दोष नाय त्यात.”

एवढ्यावर मिटलं होतं. कार्ड पालथं राहिलं असतं, आम्ही घरी गेलो असतो, पुढच्या आषाढात सगळे पाट आले असते.

“बाबांनी नाही काढले,” मी म्हटलं. “गणपतीचेही नाही. दोन वर्षं मीच काढते.”

कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेत लिमये काका बसले होते, आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांनी मफलर सारखा करून मागे वळून विचारलं, “दत्ताराम, काय म्हणते ही? मुलीच्या हातचे डोळे पुजले आम्ही?” सरांना तेवढ्यात तो पाठमोरा उंदीर दिसला. त्यांनी तो उचलून वळवला, त्याचा कोरा चेहरा सगळ्यांना दाखवला आणि टेबलावर कार्डं रंगवायला ठेवलेला ब्रश पुढे करत अगदी सरळ मनाने म्हणाले, “ये दत्ताराम. एवढ्याला डोळे काढ, म्हणजे प्रश्न मिटला.”

बाबा पुढे आले. टेबलापाशी उभे राहिले. तो उंदीर त्यांनी ओळखला. हात खिशातून बाहेर काढला नाही. खिशाचं कापड आतून हलत होतं, ते मला दिसत होतं. अजून दोन क्षणांत सगळ्यांना दिसलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको.

मी सरांच्या हातातून ब्रश घेतला.

आमच्याकडे गोष्ट अशी सांगतात, की पोरीने बापाची लाज राखली. बापाला भर सभेत हात दाखवायला लागू नये म्हणून पुढे झाली. मी तेव्हा तसा विचार केला नव्हता. लाज राखायची असती तर “बाबांनीच काढले” एवढं म्हटलं की झालं असतं. मला माझं नाव हवं होतं. त्यासाठी मी माझ्या बापाला पन्नास माणसांदेखत खोटं पाडलं, त्यांनी मान हलवून नको म्हटल्यावरही पाडलं. पाठीवर थाप मारायची असेल त्याने आता हे वाचून मारावी.

डोळे काढायला फार वेळ लागला नाही. उंदीर मी टेबलाच्या कडेला ठेवला. तो पहिल्या रांगेच्या डोक्यावरून मागे, दाराशी उभ्या असलेल्या बायकांकडे बघत होता. तिथून लिमये काकू पुढे आल्या.

“हाच हो हाच,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “दोन वर्षं मी सांगत्ये, गणपती स्वयंपाकघराच्या दारात माझ्याकडे बघतो. तर म्हणे, तुला भास होतात.”

कार्ड पुन्हा उभं राहिलं. पहिला नंबर आला. मी वळून पाहिलं तेव्हा बाबा निघून गेले होते. घरी आईने माझं पान मांडलं, त्यात भात वाढला आणि म्हणाली, “नाव मिळालं ना? कालव त्यात.” बाबा पुढे चार महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. देखावा महिन्याने परत आला तो दिवसभर दारापुढच्या खळ्यात पडून होता. दुपारी बाबांनी तो डोक्यावर घेतला आणि चालत मांडवीच्या दिशेने गेले. सोबत यायला मला सांगितलं नाही. मी पायरीवर बसून राहिले. ते मोडणार नाहीत हे मला माहीत होतं. डोळे काढलेली वस्तू त्यांनी कधी मोडली नव्हती. दिवेलागणीला परत आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले, काखेत रिकामा पाट, आणि पाटावर विसर्जनाहून आणतात तशी मूठभर वाळू.

पुढच्या वर्षी वीसेक पाट आले नाहीत. लिमयांचा आला, काकू स्वतः घेऊन आल्या. आखणीच्या आदल्या दिवशी बाबांनी पडवीचं दार बिजागरीतून काढून आडवं ठेवलं, “उजेडात कर,” म्हणाले आणि एसटी धरून देवरुखला आत्याकडे गेले. नंतर दर वर्षी गेले, शेवटपर्यंत. मी डोळे काढताना त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही. ती परवानगी होती की शिक्षा, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं असतं असंही नाही. गेल्या भाद्रपदापासून माझ्या चहावर वलयं उठायला लागली आहेत. ज्यांचे पाट येतात त्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे, बशी हातात धरून दाखवून. दार अजून आडवंच आहे.

पुन्हा तसा प्रसंग आला तर मी ब्रश घेईन का? घेईन. बाबांच्या त्या मानेकडे बघत घेईन आणि नंतर आयुष्यभर झोप उडाली तरी घेईन.

स्पर्धेनंतरच्या त्या पहिल्या आषाढातलं एक राहिलं. पाट यायला लागण्याआधी मी पडवी झाडायला गेले, तर उंदरांचा तो पाट धुऊन, पाठ बाहेर करून उभा केलेला. मुंबईला गेलेल्या माणसाचं जुनं नाव खरवडून काढलेलं होतं आणि त्या जागी काळ्या तेलरंगात नवीन अक्षरं होती, पाण्यावर काढल्यासारखी. काना एकीकडे, उकार भलतीकडे, एका अक्षराची रेघ पाटाच्या कडेपर्यंत ओढत गेलेली. कुंदा. नुसतं माझं नाव, पुढे त्यांचं नाही. पाट द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती अक्षरं दिसणार होती, आणि कुणाच्या हातची ते न विचारता कळणार होतं. बाबांनी तो रांगेत सगळ्यात पहिला लावला होता.